भीमपूरच्या लग्नाची डिस्क

आमच्याकडे लोक दोन कारणांनी यायचे. घरात लग्न ठरलं की एकदा, आणि घरातलं कुणी गेलं की एकदा. लग्नाचं बोलायला येणारे मोठमोठ्यानं बोलत यायचे, चपला कशाही सोडायचे आणि एक चहा झाला की दुसऱ्याची वाट बघत बसायचे. दुसरे मात्र चौकटीला हात टेकवून उभे राहायचे आणि बाबांनी ‘या’ म्हटल्याशिवाय आत यायचे नाहीत. त्यांना गेलेल्या माणसाचा फोटो हवा असायचा. भीमपूरकडच्या खेड्यांतली कापूस वेचणारी, ज्वारी सोंगणारी माणसं. स्टुडिओत जाऊन स्वतःचा फोटो काढून घ्यायचं त्यांच्या कधी मनातही आलेलं नसायचं. मग तेरवी जवळ आली, किंवा आमच्या बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, की घरात शोधाशोध व्हायची, आणि कुणाला तरी आठवायचं की म्हातारा अमक्याच्या लग्नात पंगतीला बसला होता. त्या लग्नाची शूटिंग आमची असायची. बाबा ते लग्न काढायचे, मी ते पडद्यावर पुढे-मागे करायची, आणि त्या घरातलं माणूस माझ्या खुर्चीमागे उभं राहून बघत राहायचं. ‘हे पाह्य, हे पाह्य, थांबव’ असं म्हणेपर्यंत आम्ही कुणीच बोलायचो नाही. मग तो चेहरा मोठा करायचा, मागची पंगत पुसायची, आकाशी रंग टाकायचा, फ्रेम लावायची.

आमचा स्टुडिओ म्हणजे आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. बाबा फोटोग्राफी नांदेडला एका स्टुडिओत झाडू मारता मारता शिकलेले. त्यांच्या आईवडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात उमर काढली, आणि त्या दोघांचा एकही फोटो नाही. हे बाबांनी कधी रडून सांगितलं नाही. पण मेलेल्याचा चेहरा शोधायला आलेल्याला त्यांनी कधी ‘उद्या या’ म्हटलेलंही मी ऐकलं नाही. लग्नवाल्यांना मात्र सर्रास म्हणायचे.

लग्नात बाबांच्या हातात कॅमेरा आणि मायच्या हातात लाइट. मोठा हॅलोजनचा लाइट, मागे लांब वायर, आणि तो तापला की दांडीपर्यंत चटका. आमच्या भागात लाइट धरायला बाहेरचा माणूस ठेवत नसत, घरातलंच कुणीतरी असायचं. माय पदर खोचून, डोक्यावर हात उंच करून नवरीच्या मागेमागे चालायची. बायका तिला म्हणायच्या, ‘बाई, जरा इकडं मार लाइट.’ ती मारायची. वीस वर्षं तिनं सगळ्या तालुक्याच्या तोंडावर उजेड पाडला आणि स्वतः कधी एका चौकटीत आली नाही. घरी आली की हाताला खोबरेल लावून ज्वारीच्या भाकरी थापायची. तिच्या भाकरीचा आवाज मला अजून येतो. दोन जोरात, एक हलकी, मग परात फिरवल्याची खर्र. अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, थंडीत चुलीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ. आदिलाबादच्या थंडीचं बाहेरच्यांना खरं वाटत नाही. सकाळी बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नसे.

कॉम्प्युटर भैंशातला एक लग्नाच्या शूटिंगा जोडून देणारा मिक्सिंगवाला धंदा मोडून गेला तेव्हा त्याच्याकडून आला. मी तेव्हा डिग्री करून घरी बसले होते. घरी बसले होते असं लोक म्हणायचे. मी लग्नं जोडत बसले होते, दुसऱ्यांची. शूटिंगच्या कॅसेटी आम्ही परत परत वापरायचो, त्यामुळे कॉम्प्युटरात उतरवलेलं लग्न हेच खरं लग्न. त्यासाठी बाबांनी दोन मोठ्या डिस्क घेतल्या, नव्या तऱ्हेच्या, पातळ लाल वायरीच्या. तेव्हा गावातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत डिस्कला रुंद, राखाडी पट्टी असायची. लाल वायरीची जागा आमच्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर होती, पण ती फक्त रेडच्या चिपला जोडलेली. रेड म्हणजे दोन डिस्कची जोडी बांधायची सोय. हे आम्हाला श्रीनिवासनं सांगितलं. बस स्टँडच्या मागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तेलुगू माणूस, मराठी समजायचं पण बोलायचा हिंदीत, आणि मी त्याच्याहून लहान असूनही मला ‘अम्मा’ म्हणायचा, जसं ते लोक सगळ्याच बायकांना म्हणतात.

‘देखो अम्मा, जोडी दो तरह की,’ तो म्हणाला. ‘एक में दोनों मिलके एक बड़ी डिस्क. फास्ट चलती. पर एक मरी तो दोनों गए. दूसरे में एक का माल दूसरी पे भी. एक मरी तो दूसरी है. पर जगह आधी.’

बाबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि मान हलवली. जागा अर्धी करून चालणार नव्हतं, आणि एकीबरोबर दुसरी जाणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. ‘एकेकटी ठेव,’ ते मला म्हणाले. ‘जिचं तिचं नशीब जिच्या तिच्यापाशी.’

श्रीनिवास हसला, रेडच्या चिपला डिस्क लावून रेड करायचं नाही म्हणजे काय, म्हणाला. पण जमलं. त्याच्या फ्लॉपीतून ड्रायव्हर चढवला आणि दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दिसायला लागल्या. फक्त रोज कॉम्प्युटर चालू केला की सुरुवातीला एक काळा पडदा यायचा आणि इंग्रजीत तक्रार करायचा की जोडी बांधलेली नाही, बांधायची असेल तर अमुक दाबा. काही दाबलं नाही की तो थोडा वेळ रुसल्यासारखा थांबायचा आणि पुढे जायचा. मायला मी शिकवून ठेवलं होतं. दुपारी करंट आला की ती पदराला हात पुसून बटण दाबायची आणि काळा पडदा निघेपर्यंत हात मागे बांधून उभी राहायची. ‘रडून झालं याचं,’ असं म्हणून मला हाक मारायची.

पहिल्या डिस्कवर आधीच्या दोन हंगामांतली लग्नं. दुसरीवर त्यानंतरची, आणि त्यात भीमपूरचं लग्न. मायच्या भावाच्या पोरीचं. माय त्या लग्नात आत्या होती, तिला हळदीला बसायचं होतं, म्हणून लाइट मी धरला. मामींनी तिच्या दोन्ही गालांना हळद फासली. मी लाइट तिच्यावर वळवला आणि बाबांनी मुद्दाम कॅमेरा तिच्याकडे नेला. ती डोळ्यांवर हात धरून हसायला लागली. ‘माह्यावर काऊन मारून राह्यली वं लाइट? पोरीवर मार ना!’ मग हात खाली घेतला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. बाबांनी ते बराच वेळ घेतलं. घरी उतरवताना मी ते बघितलं होतं, त्यामुळे आहे हे मला नक्की ठाऊक होतं. घरचंच लग्न, म्हणून त्याची सीडी करायची तेवढी मागे राहिली होती.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी वीज पडली आणि व्होल्टेज वाढून बोर्ड जळाला. डिस्कना काही झालं नाही. तसाच बोर्ड मिळेना, म्हणून श्रीनिवासनं हैदराबादहून दुसऱ्या कंपनीचा मागवला. त्यावरही लाल वायरीची जागा रेडच्या चिपचीच, पण चिप वेगळी. तिला एकेकट्या डिस्क चालेनात. काळा पडदा आला आणि विंडोज सुरू झालं तरी दोन्ही डिस्क कुठेच दिसेनात. हंगाम संपला होता, घाई नव्हती. आणखी एक जुनी राखाडी पट्टीची डिस्क लावून काम चालू ठेवलं, आणि त्या दोघींना मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. बघू पुढे, असं सगळेच म्हणालो.

माय गेली ती थंडीत. सकाळी चुलीपुढे बसली असताना तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला, आणि आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात संध्याकाळी ती संपली. याहून जास्त मला त्या दिवसाचं लिहायचं नाही. घरात माणसं भरली, शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली, आणि कुणाच्या भाकरीचा आवाज आमच्या भाकरीसारखा नव्हता म्हणून मी जेवू शकले नाही. दुसऱ्या दिवशी बौद्धाचार्य आले, कार्यक्रमाचा दिवस ठरला, आणि जाताना सवयीनं म्हणाले, ‘फोटो करून ठेवा.’

बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. मायचा फोटो नव्हता. रेशन कार्डावर आम्हा सगळ्यांचा मिळून एक होता, त्यात तिचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. मतदान कार्डावरचा तर कुणाचाही असू शकला असता. बाबांनी पेटी पुढे ओढली.

‘भीमपूरचं लग्न काढ,’ ते म्हणाले.

त्याच सकाळी गंगूबाई आली. भीमपूरच्या पलीकडच्या खेड्यातली. तिचा नवरा मायच्या दोन दिवस आधी गेला होता, आणि आमच्याकडे काय झालंय ते तिला वाटेतच कळलं होतं. म्हणून ती चौकटीपाशीसुद्धा आली नाही, अंगणातच बसून राहिली. बाबांनीच तिला आत बोलावलं. तिचा नवरा पाटलाच्या पोराच्या लग्नात वाढायला होता. ते लग्न पहिल्या डिस्कवर. म्हणजे आता दोन्ही डिस्क हव्या होत्या, आणि दोन्ही दिसत नव्हत्या.

श्रीनिवास दुकान बंद करून आला. चपला बाहेर काढल्या, बाबांना हात जोडले, आणि खोलीत अंधार करून बसला. त्या काळ्या पडद्याच्या आत शिरल्यावर कळलं की नव्या चिपला एकटी डिस्कसुद्धा ‘जोडी’ म्हणूनच नोंदवावी लागते. एकाच डिस्कची जोडी. तेवढं केलं की ती दिसेल. पण शेवटी पडदा विचारत होता: पुढे जाऊ का? डिस्कवर जे आहे ते जाऊ शकतं.

‘जाऊ शकतं म्हणजे?’ मी विचारलं.

‘अम्मा, ये सब बोर्ड ऐसाच डराते. मैंने देखा, कुछ नहीं होता. पर ये वाला मैंने नहीं देखा.’ तो खोटं बोलला नाही, हे त्याचं चांगलं. ‘एक पे करके देखना पड़ेगा. ठीक आई तो दूसरी पे करेंगे. कौन सी पे करूं?’

माझ्या मनात उत्तर तयार होतं, आणि मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. पहिल्या डिस्कवर. तिच्यावर कुणाकुणाची लग्नं होती, ज्यांची कॅसेट-सीडी त्यांच्या घरी केव्हाच पोचली होती. सीडीतल्या कापून-जोडून केलेल्या लग्नात वाढपी नसतो, दारात उभी राहिलेली म्हातारी नसते, हे मलाही ठाऊक होतं. तरीही. मी म्हणाले, ‘पहिलीवर करा.’

‘नाई,’ बाबा म्हणाले.

गंगूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला हिंदीतलं किती कळलं कुणास ठाऊक, पण ती खाली बघत होती.

‘बाबा, दुसरीवर माय हाये.’

‘मले माहीत हाये कोन हाये थे.’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘पहिली आपली नाई. थे लोकायची अमानत हाये. आपल्या घरचं आधी लाव.’

‘आपन थांबू ना बाबा. हैदराबादले इचारू कोनाले तरी. चार दिवस.’

‘अन् हिले काय सांगू? हिचा परवा कार्यक्रम हाये.’ मग श्रीनिवासकडे वळून ते म्हणाले, ‘दूसरी पे करो.’

श्रीनिवासनं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे वळले. बाबा माझ्या खुर्चीच्या मागे, गिऱ्हाईक उभं राहायचं त्याच जागी उभे होते. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली, गेली. कॉम्प्युटर परत सुरू झाला, आणि या वेळी डिस्क दिसली. पूर्ण आकाराची, धडधाकट. तिच्यावर टिचकी मारली तर विंडोज म्हणालं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?

श्रीनिवासनं तीन-चार तऱ्हांनी उघडून बघितली. मग खुर्ची मागे सरकवली. ‘खाली है, अंकल,’ असं तो बाबांना म्हणाला, माझ्याकडे बघायचं टाळून. बाबांनी ‘ठीक आहे’ म्हटलं आणि गंगूबाईसाठी चहा ठेवायला स्वतः आत गेले. घरात चहा करायला तेव्हा निदान चार बायका होत्या.

पहिली डिस्क त्यानं त्या दिवशी लावली नाही. आधी कुणाला तरी विचारतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला तो हैदराबादच्या कुणाला तरी फोन करून. बोर्डाच्या सेटिंगमध्ये, तीन पडदे आत, एका ओळीत ‘रेड’ असं लिहिलेलं होतं. ते बदलून साधी डिस्क असं करायचं, ड्रायव्हर दुसरा चढवायचा, की जोडीचा प्रश्नच येत नाही. एवढंच होतं. त्यानं ते बदललं, पहिली डिस्क लावली, काळा पडदा आलाच नाही, आणि दोन हंगामांची सगळी लग्नं एकाखाली एक उघडी झाली. गंगूबाईचा नवरा पाटलाच्या पंगतीत बुंदीची बादली घेऊन वाकलेला सापडला. त्यानं मान वर केली तेवढ्यात मी थांबवलं. ‘हेच,’ ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. बाबांनी त्याच्या मागची पंगत पुसली, आकाशी रंग दिला, खांद्यावरचा टॉवेल मात्र तसाच ठेवला. फ्रेम हातात घेताना गंगूबाईनं भिंतीकडे नजर फिरवली.

‘बाईचा फोटू कुटं हाये, भाऊ?’

‘करून राह्यलो,’ बाबा म्हणाले.

आमच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, शेजारच्या खुर्चीवर पांढरं कापड टाकलं आणि त्यावर फुलं ठेवली. फोटो नव्हता. रेशन कार्डातला मोठा करून बघितला होता, पण तो कुणाचाच चेहरा नव्हता, नुसते ठिपके. बाबांनीच तो फाडला. वंदनेला दूरदूरची माणसं आली होती. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात बाबांनी शोधून दिलेला चेहरा भिंतीवर होता. कुणी काही विचारलं नाही. मी त्या दिवशी बाबांशी बोलले नाही, आणि नंतरही कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. लोक म्हणायचे, केवढा मोठा माणूस. असेल. मला माझ्या मायचा चेहरा हवा होता आणि त्यांनी तो मोठेपणाला लावला, असंच मला वाटायचं. आता पन्नाशी जवळ आली, राग बराच निवला. सगळा नाही.

उन्हाळ्यात पुन्हा लग्नं सुरू झाली. ती रिकामी डिस्क विंडोज विचारत होतं तशी फॉरमॅट केली आणि कामाला लावली. मोठी डिस्क होती, नुसती ठेवून काय करणार? लाइट आता मी धरायची.

पुढे स्टुडिओ मोबाइलनं खाल्ला. मेलेल्याचा फोटो शोधायला आता कुणी येत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्यांचेही नातवांच्या फोनमध्ये शेकड्यांनी फोटो असतात, चांगलंच आहे. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका बिघडलेल्या डिस्कसाठी नागपूरहून माणूस आला, गेलेलं परत काढणारा. त्याचं काम चालू असताना मी सहज विचारावं तसं विचारलं, की जुन्या रेडच्या चिपवर एकट्या डिस्कची जोडी केली आणि ती रिकामी दिसायला लागली, तर काय गेलेलं असतं? तो मान वर न करता म्हणाला, ‘काही नाही, मॅडम. नुसतं पहिलं पान पुसलं जातं, कुठे काय आहे ते सांगणारं. बाकी सगळं जागच्या जागी असतं. फॉरमॅट केली तरीसुद्धा बरंचसं असतं. त्यावर दुसरं काही भरलं नाही, तर सगळं निघतं.’

त्यावर आम्ही दुसरं भरलं होतं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत माय त्या डिस्कवर होती, गालांना हळद लावून, तिथेच, आमच्या खोलीत. मग आम्ही एकेक लग्न तिच्यावर उतरवत गेलो.

मी घरी आले आणि बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं असं माझा धाकटा भाऊ म्हणतो, जो तेव्हा शिकायला बाहेर होता. मला मात्र हे एकटीनं बाळगायचं नव्हतं. बाबा ऐंशीच्या घरात आहेत, पलंगावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. सगळं ऐकून घेतलं. शेंगा सोलायचे थांबले नाहीत. मग विचारलं, ‘भीमपूर डिस्कच्या कुटं होतं?’

‘सुरुवातीलेच. त्या हंगामातलं पयलंच लग्न ना थे.’

‘मंग तिच्यावर कोनतं गेलं?’

मला ते सांगता आलं. फॉरमॅट केल्यावरचं पहिलं लग्न भैंशाचं होतं, एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजीच्या पोरीचं. त्याची सीडी आमच्या कपाटात होती. बाबा म्हणाले, ‘लाव.’

लावली. अनोळखी माणसं, अनोळखी अंगण, बँडवाले, वरात, तासभर चाललेली ओवाळणी. बाबा मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत होते. अजूनही मधूनच, महिन्याकाठी, ते म्हणतात, ‘थे भैंशाचं लाव वं,’ आणि मी लावते. नवरा कोण, नवरी कोण, त्यांना ठाऊक नाही, आणि त्यांना त्याचं काही नाही. मधे पंगतींचा लांबलचक भाग आहे, कंटाळवाणा. तो पुढे ढकलायला मी हात लावला की ते माझा हात धरतात.